ताटाच्या पाठीवरचे चोवीस शब्द

पारोळ्याच्या बाजारपेठेत रुपचंद शेठचं भांड्यांचं दुकान, आणि दुकानापुढं ओटा. त्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात लोटन नाना बसायचा. खाली गोणपाट, पुढ्यात लाकडी पाट, हातात नावं टाकायचं मशीन. मशीनची वायर खिडकीतून दुकानात गेलेली. वीज शेठची, हात नानाचा. दुकानातून घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट, बाहेरून आणलेल्याला अक्षरामागं पैसे.

पोर जन्मलं की नाना, लग्न निघालं की नाना, माणूस गेलं की नाना. बारशाची वाटी, आंदणाचा हंडा, सुतक फिटताना गंधमुक्तीला वाटायची ताटं, सगळी त्याच्या पाटावरून जायची. आधी तो छन्नी-हातोडीनं टिंब टिंब करून नाव पाडायचा. मग मशीन आलं. ते टर्रर्र करत चाललं की शेजारी माणूस बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून नानाला मोठ्यानं बोलायची खोड लागली. घरी जाऊनही मोठ्यानंच. बायको मंजुळाबाई म्हणायची, "मी काय हंडा शे का? हळू बोला ना."

नाना गरीब होता, पण गरीब स्वभावाचा नव्हता. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर नाव चुकीचं लिहून आणलं तर चारचौघांत त्याची शाळा काढायचा. "मास्तर जेवाले गयथा का तू शिके तव्हय?" असं विचारायचा. लोक हसून घ्यायचे, कारण नानाच्या हातचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्याची चूक कधी होत नव्हती.

एकदाच झाली होती. एरंडोलकडच्या एका गावचा माणूस एकाच चिठ्ठीवर दोन कामं लिहून घेऊन आला. वर बापाच्या गंधमुक्तीची ताटं, खाली भाचीच्या लग्नाचा हंडा. नानानं वरचं 'कै.' खालच्या मामाच्या, म्हणजे त्याच माणसाच्या, नावाला पण लावून टाकलं. हंडा मांडवात मांडला गेला आणि मामानं स्वतःच वाचला. मामा न जेवता उठला, वऱ्हाडात रडारड झाली, आणि दुसऱ्या दिवशी दहा-बारा जण ओट्यापुढं उभे. "जिता माणूस मारी टाका तू!" असं म्हणत मामानं हंडा नानाच्या पुढ्यात आपटला.

तेव्हापासून नानाचा नियम होता. चिठ्ठी नाही. गिऱ्हाइकानं समोर बसायचं, नाव मोठ्यानं सांगायचं, नाना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणणार, गिऱ्हाईक 'हां' म्हणणार, तेव्हाच मशीन चालणार. कोणी कंटाळलं तर नाना सांगायचा, "घाई व्हई ते धुळाले जा. तठे चूक फटकामा करी देतस."

गेल्या साली दिवाळी सरल्यावर, एका दुपारी योगराज आला. बसस्टँडजवळ त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. अमळनेरच्या कॉलेजात शिकलेला, चष्मा, शर्ट कायम खोचलेला. त्याचे वडील अमृत आबा म्हणजे गावात मान असलेला म्हातारा. रस्ता रुंद झाला तेव्हा आबांच्या शेताचा तुकडा गेला आणि मोबदला आला. तो पैसा बँकेत नुसता पडून काय करणार, असं म्हणून योगराजनं आबांच्या मागं लागून त्यातला बराचसा बिटकॉइनमध्ये घातला होता. आबांना एवढंच माहीत होतं की पैसा कॉम्प्युटरात आहे आणि आंडोर, म्हणजे पोरगा, शिकेल शे.

योगराजनं दुकानातलं सगळ्यात जाड स्टीलचं ताट घेतलं, ओट्यावर आला आणि खाली वाकून म्हणाला, "नाना, मशीन जरा माले दे. मीच टाकस."

"मशीन?" नानानं चष्मा कपाळावर चढवला. "डॉक्टर आपली सुई पेशंटले देस का?"

"थोडंसंच काम शे. पाठवर लिखनं शे. घरनं शे."

"घरनं शे तरी मशीन मनं शे. तुना हातमा दिधं ते ताटले भोक पाडशी. बैस. सांग काय टाकनं."

योगराज बसेना. घरी त्यानं खिळा-हातोडी घेऊन करून पाहिलं होतं. अक्षरं वाकडी आली, एक डबा वाया गेला, अंगठा ठेचला. शेवटी तो बसला आणि नानाच्या कानाशी तोंड नेऊन समजावू लागला. पेन ड्राइव्हसारखं एक मशीन त्यानं घेतलं होतं. नवंकोरं, कंपनीकडूनच, सील बघून. "जुनं लेवानं नही नाना. कोन्ही आधीच त्यामा काय करी ठेयेल ऱ्हास." ते मशीन हरवलं तरी चालतं, तुटलं तरी चालतं. ते नुसतं कुलूप. खरी चावी म्हणजे चोवीस इंग्रजी शब्द, ओळीनं. ते ज्याच्याकडं, पैसा त्याचा.

"मंग कागदवर लिखी ठेव."

"कागद जळस. कागदले वाळवी लागस. फोनमा फोटो काढा ते कोनी बी फोनमाईन काढी लेस. म्हनीसन पोलादवर लिखानं. ताट मांडणीवर पडेल ऱ्हास, चोर पातेलं लेस का ताटनी पाठ वाचत बसस?"

नानाला त्यातलं फार समजलं नाही. ताटाची पाठ समजली. त्यानं ताट पालथं घालून पाटावर ठेवलं, मशीन सुरू केलं आणि म्हणाला, "बोल."

योगराज कुजबुजला, "लॅडर."

"काय?"

"लॅडर. एल, ए..."

"मोठ्यानं! मशीन चाली राहयनं ना!"

"एल, ए, डी, डी, ई, आर."

"एल!" नाना गरजला. "ए! डी! डी का डबल डी?"

"नाना, हळू ना."

"हळू म्हनसू आन चूक व्हयनी ते? मंग माले जिता मारशी. हां म्हन."

"हां," योगराज म्हणाला.

तिसऱ्या शब्दापर्यंत चहावाला प्रेमराज ग्लास घेऊन आला होता, तो तिथंच उभा राहिला. कढई घ्यायला आलेली बाई वळून बघू लागली. शेठनं गादीवरून मान काढली.

"ओ! एन! आय! ओ! एन!"

"ओनियन म्हंजे कांदा ना रे योगराज भाऊ?" प्रेमराज म्हणाला. "भाजीपाला लिखी राहयना का?"

पुढं बनाना आला. "कोठली? रावेरनी का यावलनी?" शेठनं आतून विचारलं. त्याच्या पुढं मंकी आला तेव्हा प्रेमराज ओरडला, "केळी उनी तसं गिऱ्हाईक बी उनं!" आणि अर्धी पेठ हसली. योगराजच्या मानेवरून घाम उतरत होता. दोनदा तो उठायला झाला. पण अर्धं ताट झालं होतं, दुसरीकडं नेलं तर तिथंही कोणाला तरी सांगावंच लागणार होतं, आणि त्यानं मनाशी म्हटलं, आठे कोनले काय समजस! चोवीसावा शब्द झाला तेव्हा त्यानं ताट रुमालानं पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि शेठला ताटाचे पैसे देऊन निघून गेला. नानानं वर म्हणून घेतलंच, "एक बी अक्षर चुकेल नही. ध्यानमा ठेव."

इथवर नानाच्या हातून काही वाईट झालं नव्हतं. पण त्याला तोंड होतं. पुढचे काही दिवस प्रेमराजच्या टपरीवर त्यानं ती गोष्ट नव्यानव्यानं सांगितली. शिकलेला माणूस, चोवीस शब्द, एकाचा एकाशी मेळ नाही, कांदा काय, शिडी काय, वानर काय. "आते बठ्ठा खजिना मना हातखालथून गया," असं म्हणून बशीत चहा ओतायचा. लोक विचारायचे, नाना, तुले ध्यानमा शेत का शब्द? आणि नाना, ज्याला त्यातले चार धड आठवत नव्हते, डोळे मिचकावून म्हणायचा, "मी एकदा लिखं ते इसरस नही."

हे वाक्य त्याला महाग पडलं.

योगराजही हिवाळाभर टपरीवर यायचा. त्याच्याकडं बिटकॉइन आहे हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं, आणि त्यालाही विचारलेलं आवडायचं. तो सांगायचा, पैसा एक्स्चेंजवर, म्हणजे दुसऱ्याच्या कंपनीत, ठेवू नका, आपल्या मशीनवर घ्या. पाठवायचा झाला तर आधी थोडासा पाठवा, पोचला का बघा, मग बाकीचा. पत्त्याचं एक अक्षर चुकलं तर गेलेला पैसा परत येत नाही, तिथं मॅनेजर नाही, साहेब नाही. पैसा पाठवायच्या फीचं पण सांगायचा. "एस.टी.मा गर्दी व्हयनी ते तिकीट वाढत नही. आठे वाढस. म्हनीसन मी घाई करस नही. गर्दी उतरनी का मंग धाडस." ऐकणाऱ्यांपैकी कोणाकडं एक रुपयाचंही बिटकॉइन नव्हतं, पण माना सगळ्यांच्या हलायच्या.

चैत्र लागला. ऊन असं की दुपारी पेठेत कुत्रं फिरकत नव्हतं. अशा भर उन्हात योगराज डोक्याला रुमाल न बांधता आला, हातात ते ताट. आला तो नानासमोर उभा राहिला. नाना एका हंड्यावर वाकलेला होता.

"नाना, कोनले सांगं तू?"

"काय?"

"शब्द. कोनले सांगात?"

नानानं मशीन बंद केलं. पेठेत एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत योगराजचं पुढचं बोलणं चार दुकानांत गेलं.

"बठ्ठं गयं. आबाना बठ्ठा पैसा गया. मशीन मना कपाटमा शे, ताट मना घरमा शे. तू सोडीसन हाई लिखेल कोन्ही देखेल नही!"

"मी? माले ते वाचता बी येत नही धड..."

"तूच म्हने ना, लिखं ते इसरस नही?"

नानानं प्रेमराजकडं बघितलं. प्रेमराज ग्लास विसळत होता, विसळतच राहिला. शेठ गादीवरून उठून दारात आला, दोघांकडं बघितलं आणि योगराजला म्हणाला, "आत या भाऊ, पाणी प्या." नानाला कोणी पाणी विचारलं नाही.

मग कोणी काही बोललं नाही, तेच वाईट झालं. शिव्या दिल्या असत्या तर नानानं दिल्या असत्या. पण लोक फक्त भांडं घेऊन येईनात. लग्नसराई तोंडावर, आणि नानाचा पाट दुपारी बारालाही कोरा. एक बाई आली, मुलीच्या आंदणाची पातेली घेऊन. नाना म्हणाला, नाव सांगा. ती घुटमळली आणि म्हणाली, "राहू द्या नाना. पोरगीना सासरनं नाव शे, मोठ्यानं कसाले सांगानं." जणू नाना तिचं नाव घेऊन तिच्या घरी दरोडा घालणार होता.

घरी मंजुळाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हले कितला दाव सांगं, जीभले कुलूप लावा. मशीननी वायर काढी लिधी ते मशीन थांबस. तुमनं तोंड कशावर चालस काय माहीत." मग तिनं भाकर वाढली. नाना जेवला नाही, तेव्हा मात्र तिनं ती झाकून ठेवली. शेजारणीनं दारातून विचारलं, "खरं शे का वो मंजुळाबाई?" तर तिनं चुलीतलं लाकूड हातात घेऊनच उत्तर दिलं.

योगराजनं तक्रार दिली होती. जळगावहून सायबरवाल्यांचं बोलावणं आलं, दोघांनाही. नाना धुतलेला सदरा घालून पहाटेच्या एस.टी.नं गेला. मशीन बरोबर घेतलं होतं पिशवीत, दाखवायला म्हणून. तिथं हेमलता नावाच्या मॅडम होत्या, साध्या कपड्यांत. त्यांनी पहिलं काम केलं ते नानाचा फोन मागितला. नानानं खिशातून बटणांचा फोन काढला. रबर बँड लावलेला. मॅडमनी तो हातात फिरवून परत दिला.

"इंग्रजी येतं का काका?"

"अक्षर येतस. शब्द समजत नही."

मग त्यांनी योगराजचा फोन घेतला. बराच वेळ बघत होत्या. मध्ये मध्ये विचारत होत्या. पैसे कोणत्या दिवशी गेले? किती वाजता? त्या दिवशी काय केलं होतं? योगराज म्हणाला, काहीच नाही. मॅडमनी फोन त्याच्यापुढं धरला.

"हा मेल त्याच दिवशीचा आहे. तुमचं मशीन जुनं झालंय, अपडेट करा, नाहीतर बंद पडेल. उघडलाय तुम्ही."

"कंपनीचा होता."

"कंपनीच्या नावाचा होता. खाली लिंक होती. लिंकवर गेलात. तिथं चोवीस चौकोन होते, बरोबर?"

योगराजनं चष्मा सारखा केला.

"भरलेत?"

"मशीन बंद पडेल असं लिहिलं होतं मॅडम."

"ताट मांडणीवरून काढलंत, चष्मा लावलात आणि एकेक शब्द बघून भरलात." मॅडमचा आवाज चढला नव्हता, हेच योगराजला जड गेलं. "अहो, ते शब्द फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, कुठंही टाइप करायचे नसतात. कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत. कंपनीसुद्धा मागत नाही. टाकायचे तर फक्त त्या मशीनमध्ये, तेही तुम्ही स्वतः नवं मशीन चालू करत असाल तेव्हा. तुम्ही चौकोन भरले आणि त्याच दुपारी पैसे निघाले. फी बघा किती भरलीय चोरानं. लवकर जावं म्हणून. तुम्ही गर्दी उतरायची वाट बघता, तो कशाला बघेल?"

योगराजनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. नाना त्याच्याकडं बघत होता. त्याला सगळं समजलं नव्हतं, पण एवढं समजलं की ताटावरचे शब्द ताटावरून गेले नव्हते.

"म्हंजे मॅडम," तो म्हणाला, "मना हातखालथून नही गये ना?"

"नाही काका. तुमचा संबंध नाही. पण तुम्ही असे शब्द पेठेत ओरडायला नको होते. हे तर चोरी व्हायच्या आधीच चोरीला गेल्यासारखं होतं. नशीब म्हणा कोणी लिहून घेतलं नाही."

"तेवढं लिखी द्या मंग. संबंध नही म्हनीसन. शिक्का मारीसन."

मॅडमनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "काका, तुमच्यावर गुन्हाच नाही. ज्याच्यावर गुन्हा नाही त्याला निर्दोष असं कोण लिहून देणार?"

पैसे मिळतील का, असं योगराजनं उठताना विचारलं. मॅडम म्हणाल्या, प्रयत्न करू. त्या शब्दाचा अर्थ तिघांनाही माहीत होता.

परतीच्या एस.टी.त दोघं एकाच बाकावर बसले, कारण दुसरीकडं जागा नव्हती. एरंडोल गेलं. मग नाना म्हणाला, त्याच्या मानानं हळू, तरी पुढच्या बाकावरची दोन माणसं वळली, "योगराज, मी तुले काय मागत नही. उद्या ओटावर ये. प्रेमराजपुढं, शेठपुढं, येवढंच सांग का नानाना हात नही."

योगराज खिडकीबाहेर बघत होता. "सांगसू नाना."

"उद्या?"

"आबाले आधी सांगनं पडी. आबाले मी तुनं नाव सांगेल शे." त्यानं खिडकीचा गज धरला. "आबानी जमीन व्हती ती. मीच म्हने, बँकमा काय ठेवतस. आते मीच टाइप करं असं सांगसू ते आबा मना तोंड देखाव नही. दुकानवर बी लोके हसतीन. मी त्यासले शिकाडे, हाई करू नका, ते करू नका."

"आन मी?"

"दोन दिवस थांब नाना."

नाना थांबला. दोन दिवसांचे आठ झाले. योगराज बाजारातून जायचा तो पलीकडच्या बाजूनं. नानानं टपरीवर स्वतः सांगून बघितलं, जळगावला काय झालं ते, मॅडम काय म्हणाल्या ते. प्रेमराजनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हई नाना, व्हई," जसं तापात बरळणाऱ्याला म्हणतात. एकानं विचारलं, "मंग योगराज भाऊ कसाले सांगत नही?" त्याला नानाकडं उत्तर होतं, पण ते उत्तरही नानाच्याच तोंडातून येणार होतं, आणि त्याच तोंडानं तो म्हणाला होता, मी लिखं ते इसरस नही.

शेठ भला माणूस. त्यानं हाकललं नाही. एके सकाळी नाना आला तर खिडकीतून वायर आत ओढून घेतलेली होती आणि खिडकी लावलेली. दुकानात काचेच्या पेटीत नवं मशीन आलेलं. एक पोरगी कॉम्प्युटरवर नाव टाइप करायची, आत लाल ठिपका फिरायचा आणि नाव तयार. आवाज नाही. "ऊन शे नाना," शेठ म्हणाला, "थोडा दिन घर आराम करा."

त्या दिवशी नाना सरळ अमृत आबांच्या घरी गेला. आबा ओसरीत खाटेवर बसले होते, पंचा मांडीवर. मोतीबिंदूनं डोळे गेल्यात जमा. "कोन शे?"

"लोटन. नाव टाकनारा."

आबांनी बसायला सांगितलं नाही. पण उठवूनही लावलं नाही. पंच्यानं वारा घेत म्हणाले, "लोटन, मना लग्नना हंडा बी तूच करेल शे ना?"

"तुमना नही आबा. तुमनी पोरगीना."

"हां. पोरगीना." आबांनी पंचा झटकला. "मी आते कितला दिन शे? पैसा काय मी वर लई जासू? तू फक्त माले सांगी टाक. कोनले दिधात शब्द, कोन्ही फसाडं तुले. मी पोलिसले सांगसू, केस मांगे ल्या. मी तुले माफ करस."

दाराच्या चौकटीत योगराज येऊन उभा होता. आबांना तो दिसत नव्हता. नानाला दिसत होता.

माफी हा शब्द नानाला झोंबला. दरोडेखोराला माफी मिळते, त्यानं दरोडा तरी घातलेला असतो. तो उभा राहिला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात, सगळी आळी ऐकेल असा बोलला, "आबा, माले माफी नको. तुमना आंडोर दारमा उभा शे. त्याले इचारा, जळगावले काय व्हयनं. मेल कोना फोनमा उना? चोवीस चौकोन कोन्ही भरात?"

आबांनी मान वळवली, जिकडं दार असावं तिकडं. "योगराज?"

"हां आबा."

"काय म्हनी राहयना हाऊ?"

योगराजनं चष्मा काढला, शर्टाला पुसला. नानाला वाटलं, आता. आता बोलतो. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. आत भांडं पडल्याचा आवाज आला, कोणीतरी उचललं, आणि मग योगराज म्हणाला, "आबा, चोर कधी कबूल करस का?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, सुटका होती. आंडोर शिकेल शे, आंडोर खरा शे. तेवढं त्याच्याकडं उरलं होतं, आणि ते कोणी काढून घेत नव्हतं. "जाय लोटन," तो म्हणाला. "देव देखी लेई."

नाना गेला. योगराजकडं त्यानं बघितलं नाही. बघून त्याला काही मिळणार नव्हतं.

पुढं महिनाभरात त्यानं पारोळं सोडलं. मंजुळाबाईचा भाऊ धुळ्याला होता, त्यानं एका ओळखीच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर जागा मिळवून दिली. तिथल्या मालकाकडं अजून काचेचं मशीन नव्हतं. मालक फार विचारणाराही नव्हता. नाना गोणपाट टाकून बसला. नियम बदलला नाही, पण आता गिऱ्हाइकानं हळू सांगितलं तर तो कान पुढं करायचा आणि स्वतःही हळूच म्हणायचा. मालकाला वाटायचं, म्हातारा मूळचाच मवाळ आहे.

पुढच्या लग्नसराईत एक कुटुंब आलं. नवरीची आई, मामा, दोन पोरी, आंदणाची खरेदी. हंडे, पातेली, परात, ताटांचा ढीग. मालकानं नाव फुकट टाकून देतो म्हणून पायरीकडं धाडलं. मामानं ताटं नानापुढं ठेवली आणि नाव सांगायला तोंड उघडलं, तसा तो थबकला. त्याचा चेहरा पारोळ्याचा होता. नानानं पण ओळखलं. त्याच्या देवघरातल्या समईवरचं नाव नानानंच टाकलं होतं.

मामानं बहिणीच्या कानात काही सांगितलं. बाईनं नानाकडं बघितलं, मग ताटांकडं. "राहू द्या," ती म्हणाली, "नाव नंतर टाकीसूत." आणि स्वतः वाकून ढीग उचलू लागली. पोरींनी पदर खोचून मदत केली. ताटं एकमेकांवर खणखण वाजत होती. ती बिननावाची भांडी पोत्यात भरून, तोंड सुतळीनं बांधून, ते सगळे बसस्टँडकडं चालू लागले. मामानं जाताना एकदा मागं वळून बघितलं.

मालक पायरीपाशी आला. एवढी खरेदी करून लोक नाव न टाकता जातात हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"काय व्हयनं नाना? वळखीना व्हतात का?"

नानानं पाटावरचा स्टीलचा चुरा फडक्यानं गोळा केला.

"नही," तो म्हणाला. "कोन्या गावना व्हतात, काय माहीत."